इंजिन वेगळं घ्यावं लागतं का?

रुआहा म्बुयुनी या गावात सकाळचा चहा बारा वाजता मिळतो. आदल्या रात्री लॉजच्या मालकीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्या डॉक्टरांचा चेहरा पडला. डॉक्टर सांगलीचे, दातांचे, आणि चहाच्या बाबतीत कडवे. पहाटे उठून उन्हाच्या आत घाट चढायचा हा बेत त्यांचाच होता, पण त्यात चहाविना सहा तास हे कलम नव्हतं. मग मी त्यांना स्वाहिली घड्याळ समजावून सांगितलं. इथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. मध्यरात्री जागं कोण असतं? दिवस उजाडल्यावर सुरू होतो. उजाडून तास झाला की एक वाजला, दोन तास झाले की दोन. आपले सकाळचे सात हा यांचा एक आणि आपले सहा हे यांचे बारा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने साधारण त्याच वेळेला कामावर येतो, त्यामुळे हिशेबात फारसा घोळ होत नाही. घोळ फक्त सांगलीकरांच्या डोक्यात होतो.

"म्हणजे आपले नऊ हे यांचे तीन," डॉक्टर बोटांवर मोजत म्हणाले, "आणि यांचे नऊ म्हणजे आपले... अरे जाऊ दे. चहा झाला की मला उठव."

रुआहा म्बुयुनी हे टांझानियाच्या पोटातलं, ग्रेट रुआहा नदीच्या खोऱ्यातलं गाव. दार-एस-सलामहून झांबियाच्या सीमेकडे जाणारा हमरस्ता त्याच्या अंगणातून जातो आणि गावाचा निम्मा संसार त्या रस्त्यावरच चालतो. उरलेला निम्मा कांद्यावर. रस्त्याकडेला जाळीच्या पोत्यांत भरलेल्या कांद्याच्या थप्प्या पाहून लासलगावचा माणूस सायकलवरून उतरायच्या आधी भाव विचारील. भोवतालच्या टेकड्यांवर गोरखचिंचा. आपल्याकडे मुंबईत किंवा वसईला गोरखचिंचेचं एखादं झाड असलं तर निसर्गप्रेमी मंडळी रविवारी त्याला बघायला जातात, बुंध्याला हात लावून फोटो काढतात. इथे त्या डोंगरभर उभ्या आहेत, त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही.

लॉज साधं. टांझानियातल्या साध्या लॉजात पलंगाखाली प्लॅस्टिकच्या चपलांचा एक जोड ठेवलेला असतो, हा पाहुणचाराचा भाग. पाहुणा लहान मुलगा असणार असं ते धरून चालतात. मच्छरदाणी असते, तिला एक भोक असतं आणि ते नेमकं आपल्या कानाशी येतं. अंघोळीला बादली. पण सहाच्या ठोक्याला, म्हणजे बाराच्या ठोक्याला, आलं घातलेला दुधाचा चहा समोर आला आणि सोबत गरम चपात्या. चपाती हाच शब्द, हाच पदार्थ, फक्त तेलाचा हात सढळ. हिंदुस्थानातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या माणसांपैकी बरीचशी पुढे ब्रिटनला आणि कॅनडाला निघून गेली. चपाती मात्र तिथेच राहिली आणि तिने नागरिकत्व घेतलं. डॉक्टरांनी चार खाल्ल्या आणि पाचवी रुमालात बांधून घेतली. दातांचे डॉक्टर असल्यामुळे चहात साखर नको म्हणाले. मालकीणबाईंना वाटलं, पाहुण्याला बरं नाही.

आता सामानाबद्दल. डॉक्टरांच्या सायकलला सत्तावीस गिअर, डिस्क ब्रेक, पुढे-मागे मिळून चार वॉटरप्रूफ पिशव्या, हँडलवर नकाशा दाखवणारं यंत्र आणि त्या यंत्राला वीज पुरवणारं सौर पॅनेल. पिशव्यांत तंबू, स्टोव्ह, पाणी गाळायचं नळकांडं, दोन सुटी टायर, मेतकुटाची बरणी आणि झाडाला बांधायचा झोपाळा. झोपाळा कशाला, असं मी विचारलं होतं. "लागला तर?" हे उत्तर मिळालं. या एका प्रश्नावर जगातला सगळा सामान-उद्योग उभा आहे.

गावाबाहेर पडतो न पडतो तोच समोरून कोळशाची सायकल आली. चालवणारा पंचविशीतला, पायात मोटारसायकलच्या टायरच्या वहाणा. सायकल काळी, जाडजूड नळ्यांची, विनागिअरची. मागच्या कॅरिअरवर कोळशाची दोन पोती उभी आणि एक आडवं, वर कोळसा सांडू नये म्हणून गवताची टोपी, आणि सगळं मिळून चालवणाऱ्याच्या डोक्यापेक्षा दोन हात उंच. कॅरिअरला लोखंडी सळया वेल्ड करून घेतलेल्या. ब्रेकची तार होती, पण ती दांडीला गुंडाळून ठेवलेली. उतारावर त्याने उजव्या पायाची वहाण मागच्या टायरवर दाबली, करकरत वेग कमी केला, आम्हाला हसून "पोले!" म्हणाला आणि गेला.

पोले म्हणजे बिचारे, दमलात हो. दोन-तीन मण कोळसा वाहणारा माणूस झोपाळा वाहणाऱ्या माणसाला पोले म्हणाला. डॉक्टर बराच वेळ गप्प होते.

अर्थात पोले सगळेच म्हणतात. शेतात खुरपणारी बाई मान वर करून म्हणते, नळावर पिवळे कॅन भरणाऱ्या मुली म्हणतात, बसथांब्यावर बसलेले म्हातारे म्हणतात. त्यावर "असांते" म्हणून आभार मानायचे. पण तेवढ्यावर भागत नाही. टांझानियाच्या खेड्यात नमस्कार हा कार्यक्रम असतो, त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. सकाळची काय खबर? चांगली. घरची काय खबर? चांगली. प्रवासाची काय खबर? चांगली. मग हेच त्यांना विचारायचं. घर जळत असलं तरी पहिलं उत्तर चांगली, आगीचं नंतर सांगायचं. बसल्या जागी हे सगळं फार गोड वाटतं. चढावर, अर्ध्या श्वासावर, दर पन्नास मीटरला एक कुटुंब उभं असताना हा व्यायामाचा वेगळा प्रकार आहे. त्यातून डॉक्टरांची दाढी पांढरी. लहानांनी मोठ्यांना "शिकामू" म्हणायचं आणि मोठ्यांनी "मराहाबा" म्हणून ते स्वीकारायचं, हा रिवाज तिथे मोडत नाही. शाळेला निघालेली पोरं, निळा-पांढरा गणवेश, हातात झाडू (शाळा झाडायला घरून झाडू न्यायचा असतो), डॉक्टरांना पाहून एकेक करून शिकामू म्हणत होती आणि डॉक्टर एकेकाला मराहाबा म्हणत होते. चाळीस पोरं, चाळीस मराहाबा. चढ संपला तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

ज्यांना शिकामू म्हणायचं नव्हतं ती पोरं लांबून "मझुंगु!" ओरडत होती. मझुंगु म्हणजे गोरा. मला जन्मात कुणी गोरा म्हटलेलं नाही, लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा आम्ही गहूवर्णी लिहिलं होतं, त्यामुळे मी मनातून सुखावलो. पण जवळ आल्यावर पोरांनी नीट बघितलं, आपापसांत चर्चा केली आणि दुरुस्ती केली: मुहिंदी. हिंदी माणूस. आणि चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते दुप्पट झालं. ते का, ते मला दुपारपर्यंत कळलं नाही.

आफ्रिकेत सायकल चालवणार म्हटल्यावर घरची मंडळी सिंहाची काळजी करतात. सिंह बहुतेक आपापल्या अभयारण्यात असतात, तिकीट काढून गेलात तरी सगळ्यांना दिसत नाहीत. सायकलवाल्याची गाठ पडते ती बसशी. लांब पल्ल्याची टांझानियन बस लांबून हॉर्न देते. एक हॉर्न म्हणजे मी आलेय. दोन हॉर्न म्हणजे तू रस्त्याच्या खाली उतर. तिसरा हॉर्न नसतो. आरशात बस दिसली की आम्ही कसलाही स्वाभिमान न बाळगता गवतात उतरत होतो. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, तेवढं एक घरच्यासारखं.

मग किटोंगाचा घाट. नदीचं खोरं सोडून इरिंगाच्या पठारावर चढायचं तर हाच दरवाजा. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, वळणामागे वळण. या रस्त्याने झांबियाचं आणि काँगोचं तांबं बंदराकडे उतरतं आणि बंदरातून सिमेंट, डिझेल, खत वर चढतं. चढणारा ट्रक पहिल्या गिअरमध्ये असतो. आणि इथे मला जगातल्या वाहतुकीचं एक गुपित कळलं: भरलेला ट्रक आणि भरलेला डॉक्टर यांचा किटोंगाच्या घाटातला वेग तंतोतंत सारखा असतो.

सिमेंटचा एक ट्रक आमच्या शेजारी आला आणि शेजारीच राहिला. त्याचा क्लीनर हातात लाकडी ओंडका घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत होता. इंजिन दमून ट्रक मागे घसरायला लागला तर ओंडका चाकाखाली सारायचा, एवढंच त्याचं काम. त्याला सोबत हवी होती. नमस्काराचा पूर्ण कार्यक्रम झाला, खबरी चांगल्या निघाल्या. मग त्याने विचारलं, कुठून आलात? दार-एस-सलामहून. सायकलने? हो. बस बंद आहेत का? नाही, चालू आहेत. भाडं नव्हतं का? होतं. तो काही पावलं विचार करत चालला. ट्रकने एक वळण घेतलं. मग त्याने अत्यंत हळुवारपणे, आजाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "मग का?"

डॉक्टरांनी त्याला व्यायामाचं सांगितलं. हृदयाला चांगलं असतं, पोट कमी होतं, वगैरे. ओंडका घेऊन घाट चढणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, पण पोट वाढवायला इतका पैसा खर्च केला असेल ना?

यावर दंतवैद्यकशास्त्रात उत्तर नाही. ट्रकने तेवढ्यात श्वास सोडला, ओंडका चाकाखाली गेला आणि आम्ही त्यांना मागे टाकून पुढे निघालो. ट्रकला मागे टाकल्याचा आनंद डॉक्टरांना दोन वळणं पुरला. तिसऱ्या वळणावर बंद पडलेला दुसरा ट्रक होता. त्याच्या मागे पन्नास पावलांवर रस्त्यात हिरव्या फांद्या टाकलेल्या, तसा इशारा खंबाटकीतही देत आलेत. ड्रायव्हर ट्रकच्या खाली सावलीत चटई घालून निजला होता. तो स्वप्नातसुद्धा घाई करत नसावा.

घाटमाथ्यावर माझ्या मागच्या चाकातली हवा गेली. बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा. आफ्रिकेतल्या बाभळी अनेक जातींच्या आहेत आणि काट्याबाबत त्यांच्यात मतभेद नाहीत. खेड्यात परक्या माणसाचं पंक्चर झालं की आधी कुणीही दिसत नाही. आपण सायकल उलटी करतो. एक पोरगं दिसतं. आपण ट्यूब बाहेर काढतो. पंधरा असतात. सोल्युशन लावून वर बघतो तो गाव भरलेलं असतं आणि मागच्या ओळीतले पुढच्यांना खाली बसायला सांगत असतात.

त्या गर्दीतून वाट काढत एक फुंदी आला. फुंदी म्हणजे कारागीर, मिस्त्री. हा सायकलचा फुंदी, त्याचं दुकान समोरच आंब्याखाली: एक उलटी पेटी, एक पसरट भांडं पाण्याचं, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि फांदीला टांगलेली एक रिम, पाटीच्या जागी. त्याने काही न बोलता माझ्या हातून ट्यूब घेतली. माझं सोल्युशन वासावरूनच नापास केलं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, आगपेटीच्या कडेने जागा घासली, स्वतःच्या ट्यूबचा गोल तुकडा बसवून दगडाखाली दाबला. मग टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत काट्याचं मोडलेलं टोक काढलं आणि प्रेक्षकांना दाखवलं. लोक खूश झाले. हवा भरायची वेळ आली तेव्हा मात्र घोडं अडलं. माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, परदेशी पद्धतीचा. त्याच्या पंपाचं तोंड मोठं. त्याने वॉल्व्ह बघितला, गिअर बघितले, ब्रेकची चकती बघितली, डॉक्टरांचं सौर पॅनेल बघितलं. शेवटी उभा राहून निकाल दिला, तो गर्दीतल्या शाळामास्तरांनी आम्हाला समजावून सांगितला. ही सायकल चांगली आहे, पण हिच्यात बिघडायला फार जागा आहेत.

इतकं नेमकं परीक्षण मला कुठल्याही सायकलच्या मासिकात वाचायला मिळालेलं नाही.

हवा आमच्याच पंपाने भरली. तेवढ्यात एक बोडाबोडावाला, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा तरुण, गाडी स्टँडला लावून आत घुसला. त्याची गाडी बजाज बॉक्सर. आता हे सांगायला हवं की पूर्व आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत भारताचं जे काही नाव आहे ते ताजमहालामुळे नाही, या मोटारसायकलींमुळे आहे. टांझानियात तीनचाकी रिक्षेला तर लोक बजाजीच म्हणतात, मग ती कुणीही बनवलेली असो. तरुणाने डॉक्टरांच्या सायकलला प्रदक्षिणा घातली आणि किंमत विचारली. डॉक्टर सरळमार्गी. त्यांनी फोनवर रुपयांचे शिलिंग केले आणि आकडा दाखवला.

गर्दी शांत झाली. शाळामास्तरांनी आकडा मोठ्याने वाचला. नव्या बॉक्सरच्या आसपासचा होता तो. तरुणाने आकडा पुन्हा बघितला, सायकल पुन्हा बघितली, वाकून पेडलच्या मागे काही लपवलंय का तेही बघितलं. मग काळजीने विचारलं, "इंजिन वेगळं घ्यावं लागतं का?"

"इंजिन नाहीच," डॉक्टर म्हणाले. "हौसेला मोल नसतं, बाबा."

विषय बदलावा म्हणून मी अभिमानाने सांगितलं की तुझी ही बजाज आमच्याकडची, आमच्या महाराष्ट्रातली, पुण्याजवळ आकुर्डीला तिचं घर आहे. मला वाटलं, आता दोन देशांमधलं प्रेम वाढेल. तरुण बॉक्सरच्या टाकीवर हात ठेवून विचारात पडला. म्हणाला, म्हणजे ही तुमच्या गावाला बनते? हो. तुम्ही बनवता आणि आम्हाला विकता? हो. आणि स्वतः सायकलने येता?

हशा असा पिकला की फुंदीच्या भांड्यातलं पाणी सांडलं. सकाळच्या पोरांच्या आश्चर्याचाही तेव्हाच उलगडा झाला. पूर्व आफ्रिकेतला हिंदी माणूस हा पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा गाडीच्या काचेमागे दिसत आला आहे. गोरे लोक वेडे असतात, ते डोंगर चढतात, सायकली चालवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुहिंदी? मुहिंदी हिशेबी असतो. तो सायकलवर घाम गाळत आला म्हणजे धंदा बुडाला असणार. फुंदीने पंक्चरचे पैसे मात्र पूर्ण घेतले. धंदा बुडालेल्याला सूट देऊन सवय लावायची नसते.

डॉक्टरांच्या मनाला हे लागलं. पुढच्या सपाट रस्त्यावर ते मला इतिहास सांगू लागले. मुंबईचे पारशी तरुण 1923 साली सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यातले आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा 1928 साली ती पूर्ण करून परत आले, हे या लोकांना कोण सांगणार? काझिमिएश नोवाक नावाचा पोलिश माणूस 1931 ते 1936 अख्खी आफ्रिका उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उत्तरेकडे पार करून गेला, बराचसा सायकलवर, बाकीचा घोड्यावर, उंटावर, होडीतून आणि पायी. 2015 साली मार्क ब्यूमाँट कैरोहून केपटाउनला बेचाळीस दिवसांच्या आत पोचला. मी म्हटलं, डॉक्टर, बेचाळीस दिवसांत त्याला मराहाबा म्हणायला वेळ मिळाला नसणार. त्यावर ते जरा निवळले.

इलुला हे टोमॅटोचं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बादल्यांतून टोमॅटोचे मनोरे, बस थांबली की बादल्या खिडकीपर्यंत वर जातात, पैसे खाली येतात, बस हलायच्या आत मोड परत. एका मामा लिशेच्या, म्हणजे जेवण रांधून विकणाऱ्या बाईच्या, खोपटात जेवायला बसलो. भिंतीवरच्या फळ्यावर बारा पदार्थ लिहिलेले, चुलीवर दोन. यात फसवणूक नाही. फळा हा हॉटेलचा आदर्श आहे आणि चूल हे वास्तव. आधी एका मुलीने तांब्या आणि घमेलं आणून आमच्या हातांवर कोमट पाणी घातलं. मग उगाली आली, मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा गोळा, वाफ निघतेय. बोटांनी तोडायचा, तळहातात वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कालवण उचलायचं. सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि एक पालेभाजी. डॉक्टरांनी पालेभाजी उचलून उजेडात धरली. "अरे, हा माठ आहे!" खरंच माठ होता, तिथे त्याला मचिचा म्हणतात, कांदा-टोमॅटोवर परतलेला. लसूण तेवढा नव्हता. डॉक्टरांनी मेतकुटाची बरणी काढली, उगालीवर भुरभुरवलं आणि शेजारच्या दोन ड्रायव्हरांनाही दिलं. त्यांनी चाखून एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा मागितलं नाही.

अर्थात मामांनीही विचारलंच. सायकलने का? डॉक्टरांनी या वेळी देश बघायला आलो असं सांगितलं. बसच्या खिडकीतून दिसत नाही का? दिसतो, पण भरकन जातो. तो भरकन जातोय म्हणूनच तर लोक बसने जातात ना, मामा म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले. मग एकदम त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, आकाशाकडे बोट दाखवून म्हणाले, "देवाला बोललो होतो." मी ते माझ्या मोडक्या स्वाहिलीत सांगितलं: यांनी देवाला वचन दिलंय, सायकलने येईन म्हणून.

मामांचा चेहरा बदलला. अस्सं होय! ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. डॉक्टरांना स्फुरण चढलं. आमच्याकडे एसटी असताना, रेल्वे असताना लाखो माणसं दर आषाढात दोन-अडीच आठवडे चालत पंढरपूरला जातात, म्हातारी-कोतारीसुद्धा, त्यांना कुणी का म्हणून विचारत नाही. हेही मी जमेल तसं सांगितलं. मामांनी न मागता उसळ वाढली आणि कुणी आजारी होतं का, आता बरं आहे का, याची चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, बरं आहे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खोटं नाही रे ते. कॉलेजात असताना दुसऱ्या वर्षाला पास झालो तर काहीतरी करीन असं बोललो होतो, फक्त काय ते ठरवायचं राहिलं होतं."

इलुलाच्या पुढे पांढऱ्या शुभ्र गणवेशातल्या वाहतूक पोलिसाने हात केला. गावातून जाताना ताशी पन्नासची मर्यादा असते आणि झाडाआडून वेग मोजतात. डॉक्टरांच्या डोळ्यांत आशा चमकली. वेगाबद्दल दंड झाला असता तर पावती त्यांनी दवाखान्यात फ्रेम करून लावली असती. पण साहेबांना फक्त विचारायचं होतं. डॉक्टरांनी थेट नवस सांगितला. साहेबांनी सलाम केला आणि आमच्यासाठी एक बस थांबवून धरली.

इरिंगाच्या अलीकडे लुगालो लागतं. 17 ऑगस्ट 1891 रोजी इथे हेहे लोकांचा राजा म्क्वावा याच्या सैन्याने जर्मनांच्या फौजेला झाडीत गाठून कापून काढलं. बंदुका जर्मनांकडे, हेह्यांकडे बहुतेक भालेच. सेनापती त्सेलेव्स्की तिथेच पडला. जर्मन पुढे तोफा घेऊन परत आले, पण म्क्वावा हाती लागला नाही, काही वर्षं डोंगरांतून झुंजत राहिला आणि 1898 साली पकडले जाण्याऐवजी त्याने स्वतःला गोळी घातली. आपल्याकडच्या वाचकाला इथवरची गोष्ट सांगावी लागत नाही. पुढची मात्र ऐकण्यासारखी आहे. जर्मनांनी त्याचं शिर कापून नेलं. पहिलं महायुद्ध संपलं, 1919 साली व्हर्सायचा तह झाला, त्यात सरहद्दी, खंडणी, आरमार असल्या जडशीळ विषयांमध्ये 246 वं कलम घातलं गेलं: सुलतान म्क्वावाची कवटी जर्मनीने सहा महिन्यांच्या आत ब्रिटिश सरकारच्या हवाली करावी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण उगाच म्हणत नाही. कवटी परत आली 1954 साली, मधल्या काळात दुसरं महायुद्धही उरकून. आता ती इरिंगाजवळ कालेंगाच्या छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर दुसऱ्या दिवशी ती बघायला गेले आणि दात चांगले आहेत असं सांगत आले.

शेवटचं दुःख सांगतो आणि थांबतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नकाशाचं यंत्र इरिंगा आलं म्हणून टिंगटिंग करतं. खोटं असतं ते. हमरस्ता डोंगराच्या पायथ्याने जातो आणि गाव वर कड्यावर वसलेलं. म्हणजे दिवसभर घाट चढून आलेल्या माणसाने संध्याकाळी, तिथल्या साडेबाराला, पुन्हा चढायचं. आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. शेजारून एक पोरगा काळी विनागिअरची सायकल ढकलत होता, मागे पाण्याचे चार पिवळे कॅन. त्याने आमच्याकडे पाहिलं, एक हात आपल्या हँडलवर ठेवला, दुसरा डॉक्टरांच्या कॅरिअरला लावला आणि दोन्ही सायकली वरपर्यंत नेल्या. डॉक्टरांनी त्याला झोपाळा देऊ केला. त्याने तो उलगडून पाहिला, काय असतं ते विचारलं, आणि नम्रपणे परत केला.

तुम्ही जाणार असाल तर जून ते ऑक्टोबरमध्ये जा. तेव्हा पाऊस नसतो. इरिंगा सोळाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर न्या. सुटी ट्यूब जाड वॉल्व्हची घ्या, म्हणजे कुठल्याही आंब्याखाली हवा भरून मिळेल. मेतकूट घरीच ठेवा. आणि सायकलची किंमत कुणी विचारली तर भावाने भेट दिली म्हणून सांगा.